ग्राफिकल लिनक्स डेस्कटॉपवर सर्व्हर चालविणे : स्वरूप, मर्यादा आणि जबाबदारी

प्रास्ताविक

जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत १९९० साली टिम बर्नर्स-ली यांनी जगातील पहिला वेब सर्व्हर चालविला. ते यंत्र खास सर्व्हर म्हणून बनविलेले नव्हते. टेबलावर ठेवलेला नेक्स्ट कंपनीचा संगणक, त्याला जोडलेला पडदा, कळफलक आणि माऊस, एवढीच ती सामग्री होती. त्या संगणकावर खिडक्या उघडत, माऊसने काम होत असे आणि त्याच वेळी तो जगातील पहिली वेबसाइट पुरवीत असे. त्या यंत्रावर हाताने लिहिलेली एक चिठ्ठी चिकटविलेली होती. हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नये, असा तिचा आशय होता.

या चिठ्ठीतच आपल्या विषयाचे मर्म आहे. टेबलावरील साधा संगणक सर्व्हरचे काम करू शकतो, हे पहिल्याच दिवशी सिद्ध झाले होते. त्याला खरा धोका होता तो येणाऱ्या-जाणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याच्या हाताचा, आणि म्हणूनच ती चिठ्ठी लिहावी लागली. पडद्यावरील चित्रांपासून त्याला फारसे भय नव्हते.

आपल्या महाविद्यालयांच्या दृष्टीने हा विषय आज पुन्हा महत्त्वाचा झाला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित सहाय्य संपले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय व तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे अनेक प्रयोगशाळांमध्ये चांगल्या स्थितीतील, परंतु विंडोज ११ न स्वीकारणारे संगणक उरले आहेत. त्यांवर लिनक्स बसवावे आणि त्यांपैकी एकावर ग्रंथालयाची सूची किंवा अभ्याससाहित्याचा सर्व्हर चालवावा, असा विचार सहजच पुढे येतो. मग शिक्षकांसमोर एक अडचण उभी राहते. पुस्तके सांगतात की सर्व्हरवर ग्राफिकल इंटरफेस असू नये, आणि बहुतेक शिक्षकांना काळ्या पडद्यावर आज्ञा लिहिण्याची सवय नसते. या दोहोंमध्ये मार्ग आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सर्व्हर म्हणजे काय?

सर्व्हर हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. बाजारात तो एका महागड्या यंत्राचे नाव आहे. संगणकशास्त्रात मात्र सर्व्हर ही एक भूमिका आहे. जी आज्ञावली एखाद्या ठरावीक ठिकाणी कान देऊन बसते, दुसऱ्या आज्ञावलीची मागणी आली की ती पुरविते आणि पुन्हा वाट पाहत बसते, ती सर्व्हर होय. मागणी करणारी आज्ञावली म्हणजे क्लायंट. एकाच संगणकावर दोन्ही असू शकतात. एक आज्ञावली एका कामात सर्व्हर व दुसऱ्या कामात क्लायंटही असू शकते.

याचे सर्वात बोलके उदाहरण म्हणजे लिनक्सचा ग्राफिकल इंटरफेसच होय. एमआयटी येथे १९८४ साली सुरू झालेल्या एक्स विंडो प्रणालीत पडदा, कळफलक आणि माऊस सांभाळणाऱ्या आज्ञावलीला एक्स सर्व्हर असेच म्हणतात. आपला ब्राउझर किंवा लेखनाची आज्ञावली ही तिची क्लायंट असते. 'माझी खिडकी येथे दाखव' अशी मागणी ती या सर्व्हरकडे करते. अलीकडे एक्सची जागा वेलँड ही नवी पद्धत घेत आहे, पण तेथेही हीच रचना कायम आहे. छपाईचेही तसेच आहे. लिनक्स डेस्कटॉपवर सहसा कप्स नावाचा छपाई सर्व्हर चालू असतो आणि तो ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर कान देऊन असतो. म्हणजे ज्या शिक्षकाने लिनक्स डेस्कटॉपवर एकही सर्व्हर मुद्दाम बसविलेला नाही, त्याच्या संगणकावरही एक-दोन सर्व्हर आधीपासून काम करीत असतात.

तेव्हा 'डेस्कटॉप लिनक्स' आणि 'सर्व्हर लिनक्स' या दोन वेगळ्या जाती नाहीत. उबंटूच्या डेस्कटॉप व सर्व्हर आवृत्त्यांचे मूळ भांडार एकच आहे. फरक आहे तो सुरुवातीला काय बसविले जाते आणि कोणते पर्याय आधीच निवडलेले असतात, एवढाच. अपाचे हा वेब सर्व्हर १९९५ पासून, तर एंजिनएक्स २००४ पासून प्रचलित आहे. हे दोन्ही डेस्कटॉप आवृत्तीवर तितक्याच सहजतेने बसतात.

ग्राफिकल इंटरफेसची किंमत

मग जाणकार मंडळी सर्व्हरवर ग्राफिकल इंटरफेस का टाळतात? त्यांची कारणे खरी आहेत, ती डावलून चालणार नाही.

पहिले कारण रॅमचे. डेबियन १२ च्या मार्गदर्शिकेत ग्राफिकल वातावरणाशिवाय ५१२ मेगाबाइट, तर ग्राफिकल वातावरणासह २ गिगाबाइट रॅमची शिफारस आहे. नोमसारखे पूर्ण वातावरण काहीही न उघडता साधारण एक गिगाबाइट किंवा थोडी अधिक रॅम व्यापते. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी ही हलकी वातावरणे त्याहून बरीच कमी घेतात. आठ गिगाबाइट रॅम असलेल्या संगणकाला ही किंमत परवडते. दोन गिगाबाइटच्या जुन्या यंत्राला ती परवडत नाही.

दुसरे कारण सुरक्षेचे. जितक्या अधिक आज्ञावल्या, तितक्या अधिक चुका आणि तितकी अधिक अद्ययावतीकरणे. ज्या यंत्रावर ब्राउझर नाही, त्यावर कोणी फसव्या दुव्यावर टिचकी मारू शकत नाही.

तिसरे कारण सवयीचे आहे. माऊसने केलेला बदल मागे नोंद ठेवत नाही. लिहून केलेली आज्ञा वहीत उतरवता येते, पुन्हा देता येते आणि दुसऱ्याला शिकवताही येते. सहा महिन्यांनी यंत्र नव्याने उभारण्याची वेळ आली की या फरकाची किंमत कळते.

तरीही सर्व्हरवर ग्राफिकल इंटरफेस मुळीच नको, हा नियम सार्वत्रिक नाही. १९९९ साली सुरू झालेला एलटीएसपी हा प्रकल्प तर याच पायावर उभा आहे. त्यात एका बऱ्यापैकी ताकदीच्या संगणकावरून प्रयोगशाळेतील अनेक साध्या संगणकांना ग्राफिकल लिनक्स पुरविले जाते. तेथे ग्राफिकल इंटरफेस हेच सर्व्हरचे काम आहे. शिवाय ज्या शिक्षकाला फाइल कोठे ठेवली आहे हे डोळ्यांनी पाहूनच समजते, त्याला काळ्या पडद्याच्या धाकाने सर्व्हरपासून दूर ठेवणे हेही नुकसानच होय. ग्राफिकल इंटरफेसमुळे होणारा तोटा मोजता येतो आणि आवाक्यातला आहे. खरी अडचण वेगळ्या ठिकाणी आहे.

खुर्चीवरील माणूस आणि सेवा

असे समजा की ग्रंथालयातील टेबलावर एक लिनक्स डेस्कटॉप आहे. त्याच संगणकावर पुस्तकांची सूची पुरविणारा सर्व्हर चालतो. सकाळी ग्रंथपाल लॉगिन करतात, सूची सुरू होते. दुपारी ते नमाजासाठी व जेवणासाठी उठतात आणि अर्ध्या तासाने वर्गातून तक्रार येते की सूची उघडत नाही. ते परत येऊन माऊस हलवितात आणि सूची पुन्हा दिसू लागते. सर्व जण म्हणतात, 'लिनक्स बिघडले.' वस्तुतः काहीच बिघडलेले नाही. संगणक झोपी गेला होता.

डेस्कटॉपची घडण एका गृहीतावर झाली आहे : समोर माणूस आहे, आणि तो नसेल तर कामही नाही. सर्व्हरचे गृहीत नेमके उलट आहे : समोर कोणी नाही, तरीही काम आहे. या दोन गृहीतांचा संघर्ष पुढील ठिकाणी दिसतो.

(१) झोप. नोम वातावरणाच्या मूळ मांडणीत ठरावीक वेळ हालचाल नसेल तर संगणक निद्रावस्थेत जातो. काही वितरणांत लॉगिनच्या पडद्यासाठी ही मांडणी स्वतंत्र असते. युजरने आपल्या खात्यात ती बंद केली, तरी कोणीही लॉगिन न केलेल्या अवस्थेत संगणक झोपतो. लॅपटॉप असेल तर झाकण मिटताच तेच घडते. यावर खात्रीचा उपाय म्हणजे संपूर्ण यंत्रासाठीच निद्रावस्था बंद करणे. सिस्टिमडी या व्यवस्थापक आज्ञावलीत निद्रेशी संबंधित टार्गेट मास्क करण्याची सोय त्यासाठीच आहे.

(२) लॉगआउट. टर्मिनलची खिडकी उघडून त्यात चालविलेला सर्व्हर ती खिडकी बंद होताच सहसा थांबतो. मेनूतून उघडलेली आज्ञावली लॉगआउटबरोबर संपते. याउलट सिस्टम सेवा म्हणून नोंदविलेला सर्व्हर यंत्र सुरू होतानाच, कोणीही लॉगिन करण्यापूर्वी सुरू होतो आणि यंत्र बंद होईपर्यंत चालतो. डेबियन किंवा उबंटूच्या भांडारातून अपाचे बसविल्यास ही नोंदणी आपोआप होते. हाताने उतरवून घेतलेल्या आज्ञावलीसाठी ती आपल्याला करावी लागते.

(३) रॅमची टंचाई. ब्राउझरच्या तीस खिडक्या उघडल्या आणि रॅम संपली, तर लिनक्सचे कर्नल एखादी मोठी प्रक्रिया स्वतःहून बंद करते. ती ब्राउझरचीच असेल असे नाही. सूचीचा डेटाबेसही बळी पडू शकतो. म्हणून सर्व्हरच्या यंत्रावर दैनंदिन काम कमीत कमी असावे.

(४) नेटवर्क. वायफायचा पासवर्ड केवळ एका युजरच्या खात्यात साठविलेला असेल, तर त्याने लॉगिन करेपर्यंत यंत्र नेटवर्कवर येत नाही. सर्व्हरसाठी केबलची जोडणीच योग्य.

(५) वीज. वीज गेली आणि आली, पण संगणक कोणी बटण दाबेपर्यंत बंदच राहिला, हा अनुभव सर्वांना आहे. बहुतेक संगणकांच्या बायोसमध्ये वीज परत येताच आपोआप सुरू होण्याचा पर्याय असतो. तो निवडून ठेवावा. यूपीएस असावाच. हार्ड डिस्क पूर्णपणे सांकेतिक केली असेल, तर यंत्र सुरू होताना पासवर्ड मागेल, म्हणजे तेथे माणूस लागेल. या दोहोंपैकी काय पत्करायचे हे आधी ठरवावे.

या सर्वांची एकच कसोटी आहे आणि ती कोणताही शिक्षक सहज घेऊ शकतो. संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा. लॉगिनचा पडदा येऊ द्यावा, पण लॉगिन करू नये. मग दुसऱ्या संगणकावरून किंवा त्याच नेटवर्कवरील मोबाइलवरून सेवा उघडून पाहावी. अर्ध्या तासाने, कशालाही हात न लावता, पुन्हा उघडून पाहावी. दोन्ही वेळा ती उघडली, तर तो खरा सर्व्हर झाला. न उघडल्यास आपण केवळ आपल्या खुर्चीपुरती एक सोय केली आहे, असे समजावे.

पत्ता, पोर्ट आणि फायरवॉल

नवशिक्यांची नेहमीची तक्रार अशी असते : 'माझ्या संगणकावर दिसते, दुसऱ्याच्या संगणकावर दिसत नाही.' याची कारणे सहसा तीनच असतात.

पहिले, सर्व्हर कोणत्या पत्त्यावर कान देऊन आहे. १२७.०.०.१ हा पत्ता म्हणजे संगणकाने स्वतःशीच बोलणे. त्यावर बसलेला सर्व्हर बाहेरून कधीच दिसणार नाही. मारियाडीबी हा डेटाबेस डेबियनवर मुद्दाम याच पत्त्यावर बसविलेला असतो आणि ते योग्यच आहे. डेटाबेसशी बोलण्याचे काम त्याच यंत्रावरील वेब सर्व्हरचे आहे, विद्यार्थ्यांचे नव्हे.

दुसरे, यंत्राचा पत्ता बदलतो. राउटर डीएचसीपी पद्धतीने १९२.१६८ ने सुरू होणारा एखादा खाजगी पत्ता देतो. तो उद्या दुसरा असू शकतो. सर्व्हरसाठी राउटरमध्येच तो पत्ता राखून ठेवावा. डेस्कटॉप लिनक्सवर सहसा असणाऱ्या अवाही या सेवेमुळे यंत्राच्या नावापुढे 'डॉट लोकल' लिहूनही ते शोधता येते. लहान नेटवर्कवर ही सोय उपयोगी पडते.

तिसरे, फायरवॉल. येथे वितरणांच्या सवयी वेगवेगळ्या आहेत. उबंटूमध्ये यूएफडब्ल्यू ही फायरवॉल बसविलेली असते, परंतु सुरुवातीला बंद असते. फेडोरा वर्कस्टेशनमध्ये फायरवॉल चालू असते, पण १०२५ ते ६५५३५ हे पोर्ट मोकळे असतात आणि वेबचा ८० क्रमांकाचा पोर्ट बंद असतो. म्हणजे एकीकडे दार उघडे राहिल्याची जाणीव नसते, तर दुसरीकडे दार बंद असल्याची. जो पोर्ट लागतो तेवढाच उघडावा, आणि तोही महाविद्यालयाच्या अंतर्गत नेटवर्कपुरता. माऊसने हे करण्यासाठी जीयूएफडब्ल्यू ही ग्राफिकल आज्ञावली उपलब्ध आहे.

युजर आणि परवानग्या

लिनक्समध्ये १०२४ च्या खालील पोर्ट उघडण्यासाठी परंपरेने रूटचे अधिकार लागतात. म्हणून अपाचे रूट म्हणून सुरू होते, पोर्ट उघडते आणि प्रत्यक्ष मागण्या हाताळण्याचे काम कमी अधिकारांच्या वेगळ्या युजरकडे सोपविते. या रचनेचा हेतू साधा आहे : दारावर बसलेल्याच्या हाती तिजोरीची किल्ली असू नये.

ग्राफिकल डेस्कटॉपवर ही शिस्त मोडण्याचा मोह फार होतो. वेबचे फोल्डर रूटच्या मालकीचे असल्याने त्यात माऊसने फाइल ओढता येत नाही. मग कोणीतरी सर्वांना सर्व परवानग्या देऊन टाकतो किंवा रूट म्हणूनच डेस्कटॉपवर लॉगिन करतो. काम होते, पण भिंतच पाडली जाते. योग्य मार्ग असा की त्या फोल्डरसाठी एक गट तयार करावा, संबंधित शिक्षकाला त्या गटात घ्यावे आणि त्या गटालाच लिहिण्याची परवानगी द्यावी. त्या टेबलावर रोज बसणाऱ्या व्यक्तीचे खाते साधे असावे. व्यवस्थापकाचे खाते वेगळे असावे.

येथे झॅम्पबाबत एक सूचना आवश्यक आहे. अनेक शिक्षकांनी वेबचे पहिले धडे झॅम्प या तयार संचावर गिरविले आहेत. शिकण्यासाठी तो चांगला आहे. मात्र तो प्रत्यक्ष वापरासाठी नाही, असे त्याचे कर्तेच सांगतात. त्यातील डेटाबेसच्या रूट युजरला सुरुवातीला पासवर्डच नसतो. वर्गातील प्रात्यक्षिक यशस्वी झाले म्हणून तोच संच ग्रंथालयात चालू ठेवणे धोक्याचे आहे.

तसेच जुन्या टिपणांवर विसंबू नये. आपल्याकडील अनेक अभ्यासक्रमांत सेंटओएसवरील प्रात्यक्षिके आहेत. सेंटओएस लिनक्स ८ ची मुदत ३१ डिसेंबर २०२१ रोजी आणि ७ ची ३० जून २०२४ रोजी संपली. नव्याने सुरुवात करणाऱ्याने दीर्घ मुदतीचे वितरण निवडावे. उदाहरणार्थ, एप्रिल २०२४ मध्ये आलेले व पाच वर्षे सहाय्य असलेले उबंटू २४.०४, किंवा ऑगस्ट २०२५ मध्ये आलेले डेबियन १३. सुरक्षेची अद्ययावतीकरणे आपोआप बसण्याची सोय दोन्हींत आहे.

मध्यम मार्ग

ग्राफिकल इंटरफेस हवा की नको, या प्रश्नाचे उत्तर 'हवा, परंतु त्याच यंत्रावर चोवीस तास चालू नको' असे देता येते. त्यासाठी तीन सोयी आहेत.

सिस्टिमडीमध्ये यंत्र सुरू होण्याच्या दोन प्रमुख अवस्था असतात : ग्राफिकल टार्गेट आणि मल्टी-युजर टार्गेट. दुसऱ्या अवस्थेत सर्व सेवा चालतात, फक्त ग्राफिकल पडदा सुरू होत नाही. डेस्कटॉप काढून न टाकता यंत्राला रोज दुसऱ्या अवस्थेत सुरू होण्यास सांगता येते, आणि गरज भासेल तेव्हा एका आज्ञेने ग्राफिकल पडदा आणता येतो. शिकणाऱ्याला हा मोठा आधार आहे. परतीची वाट उघडी राहते.

दुसरी सोय ओपनएसएसएचची. तिच्या साहाय्याने दुसऱ्या संगणकावरून सर्व्हरवर काम करता येते. लिनक्स डेस्कटॉपच्या फाइल व्यवस्थापकातून सर्व्हरचे फोल्डर याच मार्गाने उघडून त्यात माऊसने फाइल ठेवता येतात.

तिसरी सोय कॉकपिटची. हा व्यवस्थापनाचा फलक ९०९० क्रमांकाच्या पोर्टवर चालतो आणि ब्राउझरमध्ये उघडतो. कोणती सेवा चालू आहे, रॅम किती उरली, डिस्क किती भरली, नोंदवहीत कोणत्या चुका आल्या, हे सर्व त्यात चित्ररूपाने दिसते. म्हणजे ग्राफिकल इंटरफेस शिक्षकाच्या संगणकावर, आणि सेवा शांतपणे सर्व्हरवर.

महाविद्यालयात काय चालवावे?

सुरुवात अशा सेवेपासून करावी की जी बंद पडली तरी कोणाचे नुकसान होणार नाही. किविक्स हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. संपूर्ण विकिपीडिया एका फाइलच्या रूपात उतरवून घेऊन तो इंटरनेटशिवाय अंतर्गत नेटवर्कवर पुरविता येतो. मराठी, उर्दू, हिंदी, कन्नड अशा भाषांतील संच उपलब्ध आहेत. सीमाभागातील व बहुभाषिक वर्गांना त्याचा उपयोग उघड आहे. इंग्रजीचा चित्रांसह संच मात्र शंभर गिगाबाइटच्या आसपास जागा घेतो. किविक्सच्या डेस्कटॉप आवृत्तीत मेनूतूनच स्थानिक सर्व्हर सुरू करता येतो. तो खिडकी बंद करताच थांबतो; आधी सांगितलेला भेद विद्यार्थ्यांना दाखविण्यास याहून सोपे प्रात्यक्षिक नाही. पुढे हेच काम किविक्सच्या सर्व्हर आज्ञावलीला सिस्टम सेवा करून कायमस्वरूपी करता येते.

दुसऱ्या टप्प्यात मूडल घ्यावे. मार्टिन डोगियामास यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या या प्रणालीत टिपणे, गृहपाठ व चाचण्या ठेवता येतात. तिसऱ्या टप्प्यात कोहा ही ग्रंथालय प्रणाली घ्यावी. ती न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी तयार होऊन २००० साली वापरात आली. डेबियन व उबंटूसाठी तिची तयार पॅकेजे मिळतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत, त्यांचा शिक्षकांनी जरूर लाभ घ्यावा.

हा सर्व्हर इंटरनेटवर खुला करू नये. अंतर्गत नेटवर्कवरील चूक आपल्या भिंतींच्या आत राहते. इंटरनेटवरील चूक कोणीही, कोठूनही शोधून काढतो. महाविद्यालयाची सार्वजनिक वेबसाइट त्यासाठीच्या व्यावसायिक सेवेकडे असलेली बरी.

अमानत

एकदा सूचीत वाचकांची नावे आली, मूडलमध्ये गुण आले, की तो संगणक केवळ संगणक राहत नाही. अमानत ही संकल्पना आपल्या परिचयाची आहे : दुसऱ्याने विश्वासाने सोपविलेली वस्तू सांभाळावी आणि मागताच जशीच्या तशी परत करावी. विद्यार्थिनींचे मोबाइल क्रमांक, पत्ते, शुल्कमाफीचे अर्ज, त्यांतील कुटुंबाच्या उत्पन्नाचे आकडे, हे सारे अमानतच आहे. २०२३ साली संसदेने संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही माहिती बाळगणाऱ्यावर वाजवी सुरक्षा उपायांची जबाबदारी टाकण्यात आली आहे. माहिती फुटणे ही जशी खयानत, तशी बॅकअप न घेतल्याने ती नष्ट होणे हीसुद्धा खयानतच होय.

म्हणून तीन गोष्टी लिखित स्वरूपात ठराव्यात. पहिली, बॅकअप. चालू डेटाबेसच्या फाइलींची नुसती नक्कल भरवशाची नसते. डेटाबेसच्या स्वतःच्या साधनाने त्याची प्रत काढावी. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांपैकी एक इमारतीबाहेर, हा प्रचलित नियम पाळावा. सत्रातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवून खरोखर उघडते का, हे पाहावे. दुसरी, वही. काय बसविले, कोणता बदल केला, केव्हा केला, याची नोंद ठेवावी. तिसरी, दोन माणसे. व्यवस्थापकाचा पासवर्ड एकाच्याच डोक्यात असेल, तर त्याची बदली होताच सर्व्हर अनाथ होतो. तो पासवर्ड सीलबंद पाकिटात प्राचार्यांकडे असावा.

निष्कर्ष

वरील विवेचनातून असे म्हणता येईल की ग्राफिकल लिनक्स डेस्कटॉपवर सर्व्हर चालविण्यात तांत्रिकदृष्ट्या काहीही गैर नाही. रॅमचा काही भाग खर्च होतो आणि अद्ययावतीकरणे वाढतात, एवढा तोटा पत्करता येतो. पडदा असावा की नसावा हा प्रश्न दुय्यम आहे. सेवा त्या पडद्यावर आणि त्यापुढे बसलेल्या व्यक्तीवर अवलंबून नसावी, हे मुख्य आहे. निद्रावस्था बंद करणे, सेवेची सिस्टम सेवा म्हणून नोंदणी, राखीव पत्ता, मोजके पोर्ट, वेगळी खाती आणि तपासलेला बॅकअप, या सहा गोष्टी साधल्या की जुना डेस्कटॉपही विश्वासाने काम करतो.

ज्या शिक्षकांना सुरुवात करावयाची आहे, त्यांनी या सत्रात एकच संगणक घ्यावा, त्यावर किविक्स बसवावे आणि लॉगिन न करता सेवा चालते की नाही, ही कसोटी विद्यार्थ्यांसमोर घ्यावी. ती पहिल्या वेळी बहुधा फसेल. का फसली याचा शोध वर्गाने मिळून घ्यावा. आणि त्या यंत्रावर एक चिठ्ठी मराठीत, तसेच गरज असेल तेथे उर्दू व कन्नडमध्येही, अवश्य चिकटवावी : हे यंत्र सेवा देत आहे, कृपया बंद करू नये.